किरुनाचं लोखंड: शिलारसातून आलं की गरम पाण्यातून?

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, किरुना या खाणीच्या शहराला लागून किरुनावारा नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाची एक सलग भिंत तिरकी उभी आहे. लांबी सुमारे ४ किलोमीटर, जाडी सरासरी ८० मीटर, कल पूर्वेकडे साधारण ६० अंश, आणि खोली अजून पूर्ण मोजून झालेली नाही. उतारावरची फक्त दीड किलोमीटर लांबी धरली तरी आकारमान अर्धा घन किलोमीटर भरतं. एका घनमीटरचं वजन साडेचार टनांच्या पुढे. गुणाकार करा, दोन अब्ज टनांच्या वर आकडा जातो. त्यातलं लोखंड ६० टक्क्यांहून जास्त, काही भागांत ६५ च्याही पुढे.

शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोखंड ७२.४ टक्के असतं, त्याहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे या भिंतीत मॅग्नेटाइटखेरीज फारसं काही नाही. पृथ्वीच्या कवचात लोखंडाचं सरासरी प्रमाण ५ टक्के धरलं तर इथे ते बारा-तेरा पट झालं. पण हा आकडा पाहून माणूस भलत्याच प्रश्नाच्या मागे लागतो. ज्वालामुखीच्या साध्या अँडेसाइट खडकात ६० टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, असते. किरुनाच्या खनिजात ती जवळजवळ नाहीच. लोखंड आलं कसं, यापेक्षा सिलिका गेली कुठे, हे जास्त अवघड कोडं आहे. शंभराहून अधिक वर्षं भूवैज्ञानिक यावर भांडताहेत, आणि प्रत्येक मताची परीक्षा शेवटी याच प्रश्नावर होते.

हातात घेतलेला तुकडा काय सांगतो

खाणीतला ताजा तुकडा काळा, बारीक दाण्यांचा आणि अपेक्षेपेक्षा जड लागतो. एक लिटर आकारमानाचा अँडेसाइट २.७ किलो भरेल, तर तेवढंच हे खनिज पाच किलोच्या जवळ. लोहचुंबक घट्ट चिकटतो. न चकाकणाऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घासला तर रेघ काळी उमटते. तांबूस रेघ आली तर मॅग्नेटाइटचं ऑक्सिजन घेऊन हेमॅटाइट हे दुसरं लोहखनिज झालेलं आहे. ही चाचणी फुकटची आहे आणि तरीही सगळ्यात उपयोगी आहे, कारण हेमॅटाइटमधूनही चमकदार काळे तुकडे निघतात आणि नुसत्या रंगावर विसंबलं तर फसगत होते.

काळ्या मॅग्नेटाइटच्या मध्ये करडे, पांढुरके किंवा फिकट गुलाबी पट्टे दिसतात. ते ॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फरस आणि फ्लोरिन यांचं हे खनिज. कडेकडेला ॲक्टिनोलाइट या खनिजाच्या हिरव्या सुया भेटतात. किरुनाचे लोक खनिजाचे दोन मुख्य प्रकार करतात: कमी फॉस्फरसचं ‘बी’ आणि जास्त फॉस्फरसचं ‘डी’. ॲपेटाइटमध्ये फॉस्फरस सुमारे १८.४ टक्के असतो, तेव्हा खनिजाच्या विश्लेषणात १ टक्का फॉस्फरस आला की त्यात साडेपाच टक्के ॲपेटाइट आहे असं समजायचं. डी प्रकारात हे पट्टे कधी इतके एकाआड एक येतात की द्रव वाहता वाहता थिजला असावा असं वाटतं. दोन्ही प्रकारांमधली सीमा बऱ्याच ठिकाणी चाकूने कापल्यासारखी स्वच्छ असते. कुठे बी च्या शिरा डी मध्ये घुसलेल्या, तर कुठे उलट. म्हणजे दोन्ही साधारण एकाच काळात तयार झाले, पण एकमेकांत विरघळून गेले नाहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

या फॉस्फरसने खाणीचा इतिहासही अडवून धरला होता. फॉस्फरसमुळे पोलाद थंडीत ठिसूळ होतं, आणि जुन्या भट्ट्यांना तो काढता येत नव्हता. १८७० च्या दशकाच्या शेवटी थॉमस आणि गिलख्रिस्ट यांनी भट्टीला आम्लधर्मी विटांऐवजी क्षारधर्मी अस्तर लावायची पद्धत काढली. चुन्यामुळे फॉस्फरस मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ थरात, उतरू लागला, आणि ही मळी खत म्हणून विकता येऊ लागली. ही खाण चालवणारी एलकेएबी ही कंपनी १८९० ची. नॉर्वेच्या नार्विक बंदरापर्यंतची रेल्वे १९०३ मध्ये रीतसर सुरू झाली.

कुठल्या घराण्यातलं हे नाही

जगातलं बहुतेक लोहखनिज पट्टेदार लोहशैलांमधून येतं: प्राचीन समुद्रात विरघळलेलं लोह आणि सिलिका थरांनी साचलेली. किरुना त्यातलं नाही. इथे सिलिकाचे थर नाहीत आणि भोवताली समुद्री गाळाऐवजी ज्वालामुखीचे खडक आहेत. गॅब्रोसारख्या, खोलवर थिजलेल्या काळपट खडकांच्या तळाशी साठणारं मॅग्नेटाइटही हे नाही. त्यात टायटॅनियम भरपूर असतं, किरुनाच्या खनिजात ते फार कमी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिंपिक डॅमसारख्या तांबं-सोनं देणाऱ्या लोहऑक्साइड साठ्यांशी याचं दूरचं नातं सांगितलं जातं, पण इथे तांब्याची नोंद घेण्यासारखी मात्रा नाही. कमी टायटॅनियमचं मॅग्नेटाइट आणि ॲपेटाइट ही जोडी जगात अनेक ठिकाणी सापडते आणि सगळीकडे तिला ‘किरुना प्रकार’ असंच म्हणतात.

भिंतीच्या खालच्या बाजूला ट्रॅकीअँडेसाइट आहे, वरच्या बाजूला ऱ्हायोडेसाइट. खाणीच्या भाषेत खालची बाजू फूटवॉल, वरची हँगिंग वॉल. दोन्ही खडक ज्वालामुखीचे आणि सुमारे १.८८ अब्ज वर्षं जुने. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून खनिजाचंही वय काढलं गेलं आहे. ते यजमान खडकांच्या वयापेक्षा जेमतेम काही दशलक्ष वर्षांनी कमी भरतं. एवढ्या जवळच्या वयांमुळे एक शक्यता बाद होते: ज्वालामुखी शांत होऊन युगं लोटल्यावर कुठलंसं परकं पाणी येऊन लोखंड टाकून गेलं, असं झालेलं नाही. ज्या व्यवस्थेने लाव्हा ओतला, तिच्याच हयातीत लोखंडही आलं.

चिलीमधला तरुण साक्षीदार

पावणेदोन अब्ज वर्षांहून जुन्या खडकात मूळ खुणा पुसट होतात. म्हणून सगळे एल लाको या ज्वालामुखीकडे वळतात. चिलीच्या अँडीज पर्वतात, पाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर, जेमतेम काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे मॅग्नेटाइटचे साठे उघड्यावर पडले आहेत. हवा इतकी कोरडी की झीज नगण्य. चार्ल्स पार्क या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९६१ मध्ये हे मॅग्नेटाइटचे लाव्हाप्रवाह आहेत असं लिहिलं. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला पृष्ठभाग, वायूच्या बुडबुड्यांची भोकं, वायू वर निसटताना राहिलेल्या उभ्या नळ्या आणि त्यांच्या आत वाढलेले आठ पैलूंचे स्फटिक. पाहणाऱ्याला लाव्हाच दिसतो.

विरोधकांचं उत्तर तितकंच साधं आहे. बुडबुड्यांची भोकं मूळ अँडेसाइट लाव्हातली आहेत, आणि गरम पाण्याने तो लाव्हा कणाकणाने विरघळवून त्याच्या जागी मॅग्नेटाइट बसवलं. आकार जुना, पदार्थ नवा. अशी अदलाबदल निसर्गात सर्रास होते, लाकडाचं गारगोटीत रूपांतर झालेलं आपण पाहतोच. एल लाकोच्या भोवतीचा अँडेसाइट गरम पाण्याने बदललेला आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. वाद आहे तो बदल आधीचा की नंतरचा, याचा.

तीन मार्ग, तीन अडचणी

पहिला मार्ग वेगळ्या लोहद्रवाचा. शिलारस थंड होताना किंवा त्यात बाहेरचा काही खडक विरघळताना एका टप्प्यावर तो दोन द्रवांत फुटतो, तेल आणि पाणी वेगळं व्हावं तसा. एकात सिलिका, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम. दुसऱ्यात लोह, कॅल्शियम, फॉस्फरस. मॅग्नेटाइट आणि ॲपेटाइट जोडीने का सापडतात, याचं सर्वांत सरळ उत्तर इथे मिळतं, आणि सिलिका कुठे गेली याचंही: ती दुसऱ्या द्रवात राहिली. प्रयोगशाळेत असे द्रव वेगळे करून दाखवले गेले आहेत.

आता अडचण. शुद्ध मॅग्नेटाइट १,५९० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. अँडेसाइटचा शिलारस असतो ९५० ते १,१०० अंशांचा. पाणी, फ्लोरिन, फॉस्फरस असे पदार्थ वितळणबिंदू खाली आणतात, पण पाचशे अंशांची उडी नुसत्या ‘इतर पदार्थांमुळे’ म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय प्रयोगात मिळणाऱ्या लोहद्रवात सिलिका बऱ्यापैकी उरते. खाणीतल्या खनिजात ती नसते. म्हणजे द्रव वेगळा झाल्यावरही आणखी एक गाळणी लागतेच. आणि चारच्या पुढे घनता असलेला द्रव अडीच घनतेच्या शिलारसातून वर कसा येतो, हेही सांगावं लागतं. वायूने फुगून किंवा भेगांमधल्या दाबाने, असं उत्तर दिलं जातं.

दुसरा मार्ग गरम पाण्याचा, म्हणजे उष्णजलीय. शिलारस थंड होताना त्यातून खारं, क्लोरिनयुक्त पाणी सुटतं. लोह क्लोरिनशी जोडी करून या पाण्यात मुबलक विरघळतं आणि तापमान ६०० वरून ४०० अंशांकडे उतरलं, आम्लता कमी झाली की मॅग्नेटाइट म्हणून खाली बसतं. भोवतालच्या खडकात सोडियमयुक्त अल्बाइट आणि ॲक्टिनोलाइट का वाढलेलं असतं, हे याने छान उलगडतं. फूटवॉलमध्ये खनिजाच्या शिरांनी जखडलेला फुटक्या खडकाचा ब्रेशियाही याच्याशी जुळतो. अर्थात लोहद्रवाचे समर्थकही त्याच ब्रेशियाकडे बोट दाखवतात.

अडचण सिलिकाचीच. अर्धा घन किलोमीटर खडक जागच्या जागी बदलायचा तर त्यातली सगळी सिलिका विरघळवून कुठेतरी न्यायला हवी, आणि जिथे नेली तिथे क्वार्ट्झचा ढीग दिसायला हवा. तेवढा दिसत नाही. भेग उघडत गेली आणि पाण्याने ती भरली असं मानलं तर ही अडचण टळते, पण मग ऐंशी मीटर रुंद भेग इतका काळ उघडी कशी राहिली, हा प्रश्न येतो. बी आणि डी मधली ती स्वच्छ सीमाही पाण्याच्या मार्गाला जड जाते. झिरपणारं पाणी साधारणपणे कडा धूसर करतं.

तिसरा मार्ग २०१५ मध्ये चिलीच्याच लोस कोलोरादोस साठ्याच्या अभ्यासातून पुढे आला. तिथल्या मॅग्नेटाइटच्या स्फटिकांचा गाभा शिलारसात वाढल्यासारखा आहे, त्यात टायटॅनियम, व्हॅनेडियम, ॲल्युमिनियम जास्त. बाहेरची साल मात्र गरम पाण्यात वाढल्यासारखी. मांडणी अशी: शिलारसात मॅग्नेटाइटचे कण आधी तयार होतात. दाब उतरला की पाण्याची वाफ बुडबुड्यांच्या रूपात सुटते आणि बुडबुड्यांना धरायला मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग इतर खनिजांपेक्षा सोयीचा पडतो. कण आणि बुडबुडा मिळून वर तरंगू लागतात.

हे ऐकायला जादूसारखं वाटतं, म्हणून हिशोब करून पाहू. मॅग्नेटाइटची घनता ५.२, शिलारसाची २.४, दाबाखालच्या वाफेची ०.३ धरू. जोडीची सरासरी घनता २.४ व्हायला बुडबुड्याचा वाटा आकारमानाने ५७ टक्के लागतो. म्हणजे कणाच्या दीडपटही नाही एवढा बुडबुडा पुरे. त्याहून मोठा झाला की जोडी वर निघाली. शिलारसातून जड खनिजाचे कण असे उचलले जाणं अशक्य कोटीतलं नाही. मात्र वर जमलेल्या फेसातून चार किलोमीटर लांबीची, सिलिकाविरहित, घट्ट भिंत बनायची तर कणांमधला शिलारस पिळून निघायला हवा. तो कसा निघतो, इथे ही मांडणी अजून कच्ची आहे.

लोखंड पुरेल का, ही शंका मात्र तिन्ही मार्गांत फार गंभीर नाही. दोन अब्ज टन खनिजात १.२ अब्ज टन लोह. एका घन किलोमीटर थिजलेल्या अँडेसाइटी शिलारसाचं वजन २.७ अब्ज टन, त्यातलं ५ टक्के लोह म्हणजे १३.५ कोटी टन. सगळं लोह काढून घेता आलं तर ९ घन किलोमीटर शिलारस पुरतो. दहाच टक्के हाती लागलं तर ९० घन किलोमीटर. साडेचार किलोमीटर बाजूचा ठोकळा. ज्वालामुखीखालच्या साठ्यासाठी हे काही अचाट आकारमान नव्हे.

समस्थानिकांची साक्ष, आणि तिची मर्यादा

ऑक्सिजनचे जड आणि हलके समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मॅग्नेटाइटमध्ये किती प्रमाणात बसतात, हे तापमानावर आणि ज्यातून ते तयार झालं त्या पदार्थावर ठरतं. समुद्रपाण्याच्या प्रमाणाशी तुलना करून फरक दर हजारी सांगतात. शिलारसाशी समतोलात असलेल्या मॅग्नेटाइटसाठी हा फरक साधारण अधिक १ ते अधिक ४. कमी तापमानाच्या पाण्यातलं मॅग्नेटाइट १ च्या खाली जातं. लोहाच्या समस्थानिकांचीही अशीच पट्टी आहे. २०१९ मध्ये किरुना, एल लाको आणि इतर काही ठिकाणच्या नमुन्यांवर दोन्ही मोजमापं एकत्र करून प्रसिद्ध झाली. ८० टक्क्यांहून अधिक मॅग्नेटाइट शिलारसाच्या पट्टीत बसलं.

यावर ‘वाद मिटला’ असे मथळे देणं घाईचं होतं. आठशे अंशांचं पाणी त्याच शिलारसातून नुकतंच सुटलेलं असेल तर त्यातून बसणारं मॅग्नेटाइटही जवळपास त्याच पट्टीत येतं. समस्थानिक उगमाचं घराणं सांगतात आणि तापमान सांगतात. पदार्थ लोहद्रव होता, तरंगता कण होता की दाट खारं पाणी होतं, हे ते सांगत नाहीत. वृत्तांमध्ये आणि कधी कधी शोधनिबंधांमध्येही या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. तिथे वाचकाने थांबावं.

मॅग्नेटाइटमधल्या टायटॅनियम-व्हॅनेडियमच्या प्रमाणावरून त्याचा उगम ठरवणाऱ्या आलेखांचंही तसंच. नंतरच्या पाण्याने मॅग्नेटाइट विरघळून पुन्हा बसलं की त्यातलं टायटॅनियम धुऊन जातं, आणि मूळचा शिलारसातला कण आलेखावर ‘उष्णजलीय’ चौकटीत जाऊन पडतो. म्हणून खडकाची पूड करून केलेलं एकत्रित विश्लेषण इथे कुचकामी. चकाकी दिलेल्या छेदावर सूक्ष्मदर्शकाखाली गाभा आणि साल वेगळी ओळखून, प्रत्येक जागी लेझरने बिंदू मोजावे लागतात.

सगळा पुरावा समोर ठेवला तर आमचं झुकतं माप असं आहे: लोह आणि सिलिका यांची फारकत शिलारसाच्या तापमानाला झाली, लोह शेवटी खाली बसलं ते दाट, खाऱ्या, अतिगरम द्रवातून, आणि या दोहोंच्या मध्ये एकच ठळक रेष काढता येणार नाही. किरुनाच्या भिंतीचा मधला भाग आणि कडेचा ब्रेशिया यांना एकच उत्तर लावायचा हट्टच बऱ्याच भांडणांचं मूळ आहे.

उगमाचा कामाशी संबंध

हे नुसतं पुस्तकी नाही. शोध घेणाऱ्याला पहिला इशारा चुंबकीय सर्वेक्षणातून मिळतो, आणि पहिली फसगतही तिथेच होते. टायटॅनियमवालं गॅब्रो तितकीच मोठी चुंबकीय उसळी देतं. उलट, पृष्ठभागाजवळ हवा-पाण्याने मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट झालेलं असेल तर उसळी दबते आणि चांगला साठा हातचा सुटतो. म्हणून जोडीला गुरुत्व मोजतात: घनता दोन्ही खनिजांची पाचच्या वर आहे, ती लपत नाही. चुंबकीय आणि गुरुत्व, दोन्ही उसळ्या एकाच जागी आल्या तर मॅग्नेटाइट. गुरुत्वाची आली आणि चुंबकीय नाही तर हेमॅटाइटची शक्यता. किरुनाच्या उत्तरेचा पेर गायर साठा हेमॅटाइट आणि ॲपेटाइटने समृद्ध आहे. तिथल्या दुर्मिळ मृदा धातूंच्या ऑक्साइडचा दहा लाख टनांहून मोठा साठा जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. हे धातू मुख्यतः ॲपेटाइटमध्ये असतात. नंतरचं गरम पाणी त्यांना ॲपेटाइटमधून हुसकावून त्याच्याच आत मोनाझाइट या खनिजाचे बारीक दाणे बनवतं. एकेकाळचा नकोसा फॉस्फरस आता त्यांच्यामुळे जपून वेगळा काढायच्या गोष्टींत आला आहे.

जमिनीत छिद्र पाडून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात नुसतं एकूण लोह मोजून भागत नाही. ॲक्टिनोलाइटमधलं लोखंड त्या आकड्यात मोजलं जातं, पण चुंबकाने ते उचललं जात नाही. त्यासाठी डेव्हिस ट्यूब चाचणी असते: मोजून घेतलेली पूड पाण्याच्या धारेत चुंबकाखाली हलवायची आणि चिकटलेला भाग तोलायचा. त्या चिकटलेल्या भागात फॉस्फरस किती राहिला हेही पाहायचं. जास्त राहिला तर दळण जाड आहे, ॲपेटाइट अजून मॅग्नेटाइटला चिकटलेलं आहे. आणखी बारीक दळायचं आणि गरज पडली तर फेसतरंग पद्धतीने, म्हणजे फेसावर तरंगवून, ते वेगळं करायचं.

खनिजाच्या पुडीच्या गोळ्या करून भाजताना मॅग्नेटाइटचा एक फायदा दिसतो. ऑक्सिजन घेऊन त्याचं हेमॅटाइट होताना टनामागे सुमारे ५०० मेगाज्यूल उष्णता सुटते. हेमॅटाइटच्या गोळ्यांना ही ऊब बाहेरच्या इंधनातून द्यावी लागते.

भिंतीच्या कलाचा परिणाम तर जमिनीवर दिसतो. ६० अंश कललेलं खनिज खालून काढलं की हँगिंग वॉलचा खडक ढासळून रिकाम्या जागेत येतो. खणण्याची पद्धतच त्यावर उभी आहे. पण शहर पूर्वेला, म्हणजे नेमकं हँगिंग वॉलच्या डोक्यावर वसलेलं. खाणीची पातळी जितकी खाली, तितकी भेगांची हद्द पूर्वेकडे सरकते. २०२० च्या मे महिन्यात खाणकामामुळे ४.९ तीव्रतेचा हादरा बसला. शहर टप्प्याटप्प्याने हलवलं जात आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून नव्या जागी नेलं. पश्चिमेला, फूटवॉलच्या बाजूला, जमीन त्या मानाने स्थिर राहते. खाणीचे कायमचे उभे शाफ्ट आणि मुख्य बोगदे त्याच बाजूच्या खडकात खोदलेले आहेत.